गोजरबाईच्या लग्नातले स्पीकर

गोजरबाईचं लग्न मी लावलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण स्पीकर माझे होते. मंडप नव्हता, खुर्च्या नव्हत्या, बँड नव्हता. जनरेटर होता, तोही माझाच. आणि नवरा-नवरी होती. त्यांची थोरली मुलगी तेव्हा लग्नाच्या वयाला आलेली होती, आणि ती तिथेच दाराशी उभी राहून सगळं बघत होती.

माझं नाव महेंद्र. शहापुरात बाजारपेठेच्या मागच्या अंगाला माझं मंडप, लाइट आणि स्पीकरचं दुकान आहे. वडील रामा कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते. मुलाने सरकारी खुर्चीत बसावं असं त्यांना फार वाटायचं. मी खुर्च्या भाड्याने द्यायला लागलो. आमच्या बुद्धवाडीतल्या चौदा एप्रिलपासून गावातल्या सत्यनारायणापर्यंत सगळीकडे माझे भोंगे वाजले आहेत. तरी संगीतातलं मला एवढंच कळतं की स्पीकर फाटतोय की नाही. तेव्हा पुढे संगीताबद्दल जे सांगेन ते फारसं मनावर घेऊ नका.

तानसा तलावाच्या बाजूला मुंबईच्या एका शेठचं फार्महाउस होतं. गोजरबाई आणि तिचा नवरा गोमा तिथे राखण करायचे. वारली माणसं, शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. गोजरबाईचे आईबाप ती लहान असतानाच गेले, आत्याने वाढवलं, पुढे आत्याही गेली. अंगाने बुटकी, पायाला भिंगरी, आणि बोलायला लागली की समोरच्याला वाटावं, आपण वकील घेऊन यायला हवं होतं. गोमाचं उलट. त्याला काही विचारलं की तो आधी आभाळाकडे बघायचा, मग जमिनीकडे, आणि मग म्हणायचा, "बघू." माझ्या ओळखीत त्याने दुसरं उत्तर क्वचितच दिलं असेल.

त्यांच्या पाड्यावर एक रीत आहे. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहायला लागतात. लग्न सवडीने. पीक चांगलं आलं, भाऊबंद जमले, की लावायचं. कधी दोन वर्षांनी, कधी पोरं मोठी झाल्यावर. त्यात कोणी कोणाला नावं ठेवत नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. पुढे मीच मंडप घातलेली शिकल्यासवरल्या माणसांची लग्नं वर्षाच्या आत मोडलेली बघितली आणि हसायचं बंद केलं.

एक मात्र होतं. लग्न लागल्याशिवाय बाई सवाष्ण होत नाही, आणि सवाष्ण नाही तिने लग्नघरातल्या चौकाला हात लावायचा नाही. चौक म्हणजे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात ती चौकट. आत देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं. सवाष्णी चौक काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, शेजारी बसून गाणं म्हणते.

आता गोजरबाईचा हात पाड्यावर सगळ्यांत चांगला. पाड्यावरच्या जुन्या घराच्या पुढच्या पडवीवर ती मोर, भातलावणी, माळावरची गुरं काढायची, तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण लग्नघरात तिचं काम एकच, तांदूळ वाटायचे. पीठ कालवून वाटी पुढे सरकवायची आणि उंबऱ्याशी बसून बघायचं. एखाद्या पोरीची रेघ वाकडी गेली तरी बोलायचं नाही. एवढी तोंडाळ बाई तिथे मात्र ओठ घट्ट मिटून बसायची. मी लाइटच्या माळा लावायला जायचो तेव्हा हे बघितलेलं आहे, आणि मला तिची दया यायची. ती आलेली तिला कळली असती तर मला पळता भुई थोडी झाली असती, म्हणून मी माळांकडेच लक्ष द्यायचो.

लग्न राहिलं ते गोमामुळे. ती दोघं एकत्र राहायला लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं होतं. गोमाचा बाप धाऊ मांडवाच्या मेढी, म्हणजे खांब, तोडायला रानात गेला, झाडावरून पडला आणि संध्याकाळच्या आत गेला. तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला की गोमा आभाळाकडे बघायचा. कोणाला कारण सांगायचा नाही, आणि कोणी विचारायचंही नाही, कारण पाड्यावर सगळ्यांना ते माहीत होतं. असं करता करता तीन पोरं झाली आणि वीस वर्षं निघून गेली.

मग थोरल्या रंभाला मुरबाडकडच्या एका घरातून मागणी आली. पोरगा चांगला, घर चांगलं, सगळं जमलं. तिकडच्या म्हाताऱ्यांनी एकच अट घातली, आणि ती त्यांच्या मनाची नव्हती, रीतीचीच होती. आईबापाचं लग्न आधी, मग पोरीचं. मे महिन्याच्या आत उरकायचं, नाहीतर त्यांच्याकडे दुसरं स्थळ होतं.

गोमा म्हणाला, "बघू."

यात आणखी एक घोळ होता. चौकाला भिंत लागते, आणि ह्यांना भिंतच नव्हती. फार्महाउसवर राहायला गेल्यापासून पाड्यावरचं घर बसत बसत पार मातीला मिळालं होतं. शेठने दिलेल्या खोलीला गुळगुळीत पांढरा रंग होता, आणि त्यावर खिळा मारला तरी शेठला मुंबईत समजायचं. गोजरबाई त्या दिवसांत माझ्या दुकानात एकदा आली होती. ती म्हणाली, "महेंद्रभाऊ, पोरीचा जमलेला मोडल. आनि मोडला ना, तं मी ह्या मानसाला तानशात ढकलीन." मी म्हटलं, ढकलण्याआधी एकदा नीट बोलून बघा. ती म्हणाली, "भितीशी बोललेला बरा. पन भीत तरी कुठं हाय?"

२००४ च्या जानेवारीत शेठची भाची मेघा फार्महाउसवर आली. मुंबईत चित्रं काढायची. तिच्याबरोबर बंटी नावाचा एक पोरगा, केसांची शेपटी बांधलेला, हातात लॅपटॉप आणि गळ्यात वायरी. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि काय करायचं ते सांगितलं. आवारात मातीच्या चार भिंती उभ्या करायच्या, वर छप्पर नाही. माणसं आत जमिनीवर बसणार. प्रोजेक्टरने चारी बाजूंना चित्रं पडणार, ती हलणार. आणि बंटी तिथल्या तिथे संगीत तयार करणार.

"गाणी कुठली?" मी विचारलं.

"गाणी नाहीत," बंटी म्हणाला.

"मग?"

"आवाज."

मी मान हलवली. गिऱ्हाईक आहे, मान हलवायलाच लागते. मग मी त्याला बजावून सांगितलं की जनरेटर लांब ठेवायचा, नाहीतर त्याची घरघर आत ऐकू येईल. तो उठला, जनरेटरला कान लावून उभा राहिला, आणि म्हणाला की हा भिंतीच्या जवळच ठेवा, हा मला हवाय. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या जनरेटरचं कौतुक झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

भिंती घालायचं काम साहजिकच गोमा आणि गोजरबाईकडे आलं. कारवीच्या काठ्यांचा कूड बांधायचा, त्यावर माती आणि शेण लिंपायचं. दोघांनी मन लावून केलं. तीन भिंती मेघा मॅडमनी चुन्याने पांढऱ्या करून घेतल्या, चित्रं उठून दिसावीत म्हणून. चौथी गेरूने लाल ठेवली, कारण तिथे त्यांना कार्यक्रम चालू असताना वारली चित्र काढून हवं होतं. खरंखुरं, लग्नातलं. आणि ते काढताना म्हणतात ते गाणंही हवं होतं. बंटी तो आवाज मशिनमध्ये घेऊन काहीतरी करणार होता. असं गाणारी कोणी आहे का, असं त्यांनी गोजरबाईला विचारलं.

गोजरबाईच्या हाताला माती लागलेली होती. तिने त्या लाल भिंतीकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "हाय की. रखमी."

रखमीबाई पाड्याची धवलेरी. म्हातारी, कानात जड बुगड्या, नजर घारीची. ती दुसऱ्या दिवशी आली, पडवीत बसून चहा प्यायली, आणि मेघा मॅडमचं सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं.

"नवरा-नवरी कुठं हाय?"

मेघा मॅडम म्हणाल्या, लग्न नाही, फक्त गाणं हवंय.

"नवरा-नवरी नसल तं गाना कोनाला म्हनाचा? देवी येल, बघल, लगीनच नाय. मंग ती काय करल?" रखमीबाईने कप खाली ठेवला. "उगा उगा नाय म्हनत मी."

मेघा मॅडमचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, मग आपण नवरा-नवरी बसवू या की, अजून छान होईल. कोणीही दोघं बसतील.

"आमी बसू," गोजरबाई म्हणाली. इतक्या पटकन, की मी हातातली वायर सोडून तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "वायर नीट टाका, महेंद्रभाऊ," एवढंच म्हणाली.

गोमाला मेघा मॅडमनी स्वतः जाऊन विचारलं. काही करायचं नाही, नुसतं पाटावर बसायचं. ज्याने वीस वर्षं भाऊबंदांना दाद दिली नव्हती, त्याला शेठच्या भाचीला नाही म्हणता आलं नाही. तो आभाळाकडे बघून, जमिनीकडे बघून म्हणाला, "बसन."

पुढचा बेत गोजरबाईचा. गोमाला तिने सांगितलं, पाड्याची माणसं प्रोग्राम बघायला येणार. पाड्याला सांगितलं, लगीन हाय. मुंबईच्या माणसांना सांगायचं मेघा मॅडमवर सोडलं. मुरबाडच्या म्हाताऱ्यांनाही निरोप गेला, आणि तो मीच दिला, कारण तिकडे माझं एका हळदीचं काम होतं. आता मी यात सामील झालो की नाही ते तुम्हीच ठरवा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी स्पीकर बांधत होतो. चारी कोपऱ्यांत बांबूवर चढवायचे होते. सवाष्णी आल्या, आणि एका पोरीने तांदूळ वाटायला घेतले. गोजरबाई बाजूला हळद लावून बसली होती. तिचे हात मांडीवर होते, रिकामे. त्या हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं, सारखी पदराचं टोक गुंडाळत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे खरंच व्हायला हवं, फार व्हायला हवं.

अंधार पडला आणि माणसं आत बसली. मुंबईची पन्नासेक असतील, पाड्याची त्याहून जास्त. रंभा दाराशी. गोमाला हळद लावली होती, डोक्याला बाशिंग बांधलं होतं. तो पाटावर अंग चोरून, पाहुण्यासारखा बसला होता. सुरुवातीला भिंतींवर तानशाचं पाणी आलं. चारी बाजूंनी पाणीच पाणी हलायला लागलं, आणि आपणच तरंगतोय असं होऊन मी जवळचा बांबू धरला. बंटीने जे वाजवलं ते मला विहिरीवरचं इंजिन सुरू होता होता बंद पडतं तसं वाटलं. मुंबईची माणसं डोळे मिटून ऐकत होती. पाड्याची माणसं डोळे उघडे ठेवून मुंबईच्या माणसांकडे बघत होती.

मग सवाष्णींनी लाल भिंतीवर चौक काढायला घेतला. ओल्या पिठाची रेघ आधी धड दिसत नाही, वाळत जाते तशी पांढरी होते. मेघा मॅडमनी समोर कॅमेरा लावला होता. त्यातून तीच रेघ पुरुषभर उंच होऊन बाकीच्या तीन भिंतींवर पडायला लागली. पाणी गेलं. चौकट आली, झाडं आली, माणसांची रांग आली. थोड्या वेळाने लक्षात आलं की आम्ही सगळेच चौकाच्या आत बसलोय. मला ते आवडलं. एरवी असल्या गोष्टींची मी टिंगल करतो, पण ते मला मनापासून आवडलं.

रखमीबाई गात होती. लग्नाच्या गाण्यात नवऱ्याचं नाव घेतात, त्याच्या बापाचं नाव घेतात. तिने घेतलं, "धाऊचा गोमा आला गो, धाऊचा गोमा." गोमाने मान वर केली. त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं की हा प्रोग्राम नाही, हे त्याला आता कळलं.

आणि नेमकं तेवढंच बंटीने मशिनमध्ये धरलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्याला तो आवाज आवडला असेल. डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आलं, धाऊचा गोमा. मग उजव्या. मग पाठीमागून. धाऊचा गोमा, धाऊचा गोमा. लांबून आल्यासारखं, मग अगदी कानाशी. रखमीबाई दचकून थांबली. पाड्याची माणसं माना वळवून स्पीकरांकडे बघायला लागली. मेलेल्या माणसाचं नाव चारी बाजूंनी येत होतं, आणि त्याखाली माझा जनरेटर घरघरत होता.

गोमा अर्धा उठला. गोजरबाईने त्याचा हात धरला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. वीस वर्षांत तिला जे बोलायचं होतं ते सगळं तिने त्या वेळी पोटात ठेवलं. गोमाने वर बघितलं. या वेळी आभाळाकडे नाही, बांबूवरच्या स्पीकरकडे. बराच वेळ तसा बघत राहिला. मग खाली बसला. या खेपेला नीट मांडी घालून, घरच्या माणसासारखा.

रखमीबाईने पुढची ओळ घेतली. तांदूळ उधळले गेले. पाड्याच्या माणसांनी उधळले, मुंबईच्या माणसांनी उधळले, मेघा मॅडमनी ओंजळ भरून उधळले. मग मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळ वेळ. नंतर मेघा मॅडमकडून सगळ्यांना जेवण होतं. बंटी माझ्याजवळ येऊन म्हणाला की शेवटचा भाग जमून आला. मी म्हटलं, हो, जमला.

पाड्यावर पुढे चार दिवस वाद झाला. मशिनने गाणं पुन्हा पुन्हा म्हटलं, तेव्हा लग्न नक्की किती वेळा लागलं? गोमाला रस्त्यात गाठून पोरं विचारायची, "काका, आज कितवी रात?" मुरबाडची म्हातारी माणसं जरा घुटमळली. शेवटी रखमीबाईने निकाल दिला. "मी म्हनला एकदा. बाकीचा त्या डब्ब्याचा. डब्ब्याचा धरत नाय." त्यावर कोणाला अपील करता आलं नाही.

एप्रिलमध्ये रंभाचं लग्न झालं, पाड्यावरच, गोमाच्या चुलतभावाच्या नव्या बांधलेल्या घरी. मी मंडपाचं विचारायला गेलो तर गोमा म्हणाला, "मांडव नको तुझा. मेढी मी आनतो." तो एकटाच रानात गेला. गोजरबाई दिवसभर वाटेवर बसून होती. तो संध्याकाळी खांद्यावर मेढी घेऊन आला तेव्हा ती उठली आणि उशीर केला म्हणून तिने त्याला सगळ्या पाड्यासमोर झाडलं. माझं एक भाडं बुडालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्या लग्नात गोजरबाईने चौकाची पहिली रेघ काढली. बाकीच्या बाया तिच्यासाठी थांबल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडाने ती शेजारच्या पोरींना सांगत होती, ही रेघ वाकडी गेली, ती जाड झाली, त्या तिथे झाड हाय का झाडू. वीस वर्षांचं साठलेलं होतं ते. दुपारपर्यंत पुरलं.

मातीच्या भिंती त्या पावसाळ्यात विरघळल्या. दोन वर्षांनी मेघा मॅडम पुन्हा आल्या. तो कार्यक्रम मुंबईत मोठ्या हॉलमध्ये करायचा होता, आणि तेच दोघं हवे होते. गोजरबाई पाड्यावर कोणाच्यातरी लग्नात होती, म्हणून मी त्यांना टेम्पोतून तिकडे नेलं. गोजरबाई बाहेर आली ती बोटं पिठाने पांढरी झालेली, हात अंगापासून लांब धरून.

"तुम्ही दोघांनी परत बसायचं. तसंच," मेघा मॅडम म्हणाल्या.

"परत कसा बसनार? आमचा झाला ना."

"काय झालं?"

"लगीन."

मेघा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोच्या टायरकडे बघितलं.

"ते खरं होतं?"

"मंग? तुमी पन तांदूळ टाकलं की."

मेघा मॅडम ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं का नाही?"

"सांगाचा काय त्यात? भिती तुमच्या, जेवान तुमचा. सगली मानसा गोमाची व्हती. माझ्या बाजूनं तुमीच एकल्या व्हत्या, बाय. मला दुसरा कोन हाय?" गोजरबाईने बोटांवरचं वाळत आलेलं पीठ बघितलं. मग तक्रार करावी तशा आवाजात म्हणाली, "दोन दिवाल्या वाट बघली मी. म्हायेरचा कोन आला नाय."

आणि ती आत गेली, कारण चौक अर्धा राहिला होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी मेघा मॅडमचा फोन आला. टेम्पो आहे का, तानशाला जायचंय. मी विचारलं, स्पीकर किती टाकू?

त्या म्हणाल्या, स्पीकर नकोत.